शाहूपुरीतल्या आमच्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,

सप्रेम सलाम.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही काकूंकडून निरोप पाठवून बजावलंय. घालत नाही. पण आभार चारचौघांत मानणार आहे, कारण आमच्या घराच्या वारसनोंदीत आणि मतदार यादीच्या कामात तुम्ही जे केलंत ते आता आमच्या घरापुरतं राहिलेलं नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) लोक, गल्लीतली बिऱ्हाडं, ताईच्या मिरजेतल्या शेजारणी, सगळे विचारतात की हे नेमकं कसं झालं. तेव्हा एकदा नीट लिहूनच काढते.

आधी एक जुनं देणं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. जयंती नाल्याचं पाणी मागे फिरून आपल्या गल्लीत शिरलं आणि घराची कागदपत्रं भिजली. आईने ती एकेक करून वाळवली, पत्र्याच्या पेटीत ठेवली. २०२१ च्या जुलैत नदी ५६ फुटांच्याही वर गेली, तेव्हा मात्र पाणी गल्लीच्या तोंडाशी यायच्या आत ती पेटी तुम्ही स्वतः डोक्यावरून तुमच्या वरच्या मजल्यावर नेलीत. पूर ओसरल्यावर पप्पांनी ती परत मागितली नाही, तुमच्याकडेच राहू दिली. त्याबद्दल आम्ही कधी काही बोललो नाही, तुम्हीही नाही.

पप्पा गेले तेव्हा मागे आम्ही चौघं राहिलो. आई, मिरजेला दिलेली ताई, पुण्यात नोकरीला असलेला धाकटा भाऊ आणि आईजवळ राहणारी मी. घर पप्पांनी शाळामास्तरच्या पगारातून घेतलेलं. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दफनविधी झाला, पाहुणे परतले, आणि काही दिवसांनी तुम्ही ती पेटी घेऊन आलात. आईच्या पुढ्यात ठेवलीत आणि म्हणालात, "वहिनी, घाई न्हाई. पण कार्डावर कुणाचं नाव हाय ते बघून घ्या."

आपल्याकडे बहुतेक घरांत घरफाळ्याची पावती म्हणजे मालकीचा पुरावा असं धरून चालतात. वर्षानुवर्षं न चुकता फाळा भरणाऱ्याला तसं वाटणं साहजिकच आहे. तुम्ही आईला शांतपणे सांगितलंत की पावती ही कर भरल्याची पावती. शहरातल्या जागेवर कुणाचा हक्क नोंदलाय हे प्रॉपर्टी कार्ड सांगतं. आणि कार्डावरची नोंदसुद्धा मालकीचा शेवटचा निवाडा नव्हे, वाद झाला तर तो दिवाणी कोर्टातच मिटतो. पण नोंद मेलेल्या माणसाच्या नावावर राहिली की घर विकायला, गहाण ठेवायला, भावंडांत वाटायला, प्रत्येक ठिकाणी अडतं. दुसरी पिढी जाते, वारस दहाचे वीस होतात, कुणी परदेशात असतो, कुणाशी बोलणं नसतं, आणि मग ते घर तसंच पडून राहतं. अशी घरं आपल्या गल्लीत कुठली ते तुम्हाला नि मला दोघांना माहीत आहे.

वारसनोंदीच्या अर्जाला मृत्यूचा दाखला लागतो, ओळखपत्रं लागतात, आणि सगळ्या वारसांची नावं सांगणारं प्रतिज्ञापत्र लागतं. टाईप करून देणाऱ्यांकडे मजकूर तयारच असतो, फक्त नावं बदलायची. आमच्या कागदावरही तोच मजकूर उतरला होता: हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे चौघंही समान हिश्श्याचे वारस. आईने पेन हातात घेतलं होतं. तुम्ही कागद ओढून घेतलात, चष्मा लावून पुन्हा वाचलात आणि विचारलंत, "ह्यो कायदा तुम्हास्नी लागू हाय व्हय?"

उत्तर आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं, आणि तुम्ही ते तसं सांगितलंत. सगळी नोकरी कागदांत काढलेला माणूस "मला ठाऊक न्हाई, इचारून येतो" म्हणतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वडीलधाऱ्या पुरुषाच्या तोंडून ते वाक्य मी क्वचितच ऐकलंय. तुम्ही कसबा बावड्याला कोर्टात जाऊन ओळखीच्या वकिलांना गाठलंत आणि संध्याकाळी आमच्या दारात हजर झालात.

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागतो. मागे पत्नी आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही. तुम्ही टेबलावर नऊ शेंगदाणे मांडलेत. तीन आईकडे सरकवले, दोन ताईचे, दोन माझे, दोन भावाचे. आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या घरात तिचा हिस्सा तिच्या प्रत्येक लेकरापेक्षा मोठा आहे. तयार मजकुरावर सही झाली असती तर तिच्या वाट्याला चौथाईच आली असती, आणि कुणालाच कधी पत्ता लागला नसता.

मी राजकारणात आणि मंडळीच्या महिला संघात इतकी वर्षं काम करते. केरळच्या मेरी रॉय यांची वारसाहक्काची लढाई मी बायकांना कितीदा तरी सांगितली आहे. त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती लेकीला भावाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने तिथेही १९२५ चाच कायदा लागू होतो असा निकाल दिला. भाषणात सांगायला ही गोष्ट चांगली आहे. पण तोच कायदा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या आईच्या बाजूने उभा राहिला तो तुमच्यामुळे.

पुढचा भाग जास्त नाजूक होता. नात्यातल्या काहींचं म्हणणं पडलं की ताईने हक्कसोडपत्र करून द्यावं, तिचं लग्नात झालंय की सगळं. असं बोलणारे वाईट नसतात, पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय. ताईही "हो" म्हणण्याच्या बेतात होती. तुम्ही त्या बैठकीत काहीच बोलला नाहीत. रात्री ताईला फोन केलात आणि एवढंच विचारलंत, "पोरी, तुला काय पाहिजे?" ताई नंतर मला म्हणाली, या सगळ्यात तिला हे विचारणारे तुम्ही पहिले. तिने हिस्सा ठेवला. भावाने त्याच रात्री तिला फोन करून बरं केलंस म्हणून सांगितलं. कार्डावर आज चार नावं आहेत. नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले, नोंद मंजूर झाली. ते सगळं सरळ झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आता ज्यामुळे लोकांना जास्त आश्चर्य वाटतं त्याबद्दल. तुमच्या गॅलरीत एका पक्षाचा झेंडा, आमच्या दारावर दुसऱ्या पक्षाचं स्टिकर. निवडणुकीत आपण गल्लीच्या दोन टोकांना दोन टेबलं टाकून बसतो. महापुराचा विषय निघाला की तुम्ही कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची काढता, ५१९ मीटरवरून ५२४ वर नेली तर कोल्हापूर-सांगलीचं काय होणार म्हणून. मी पूररेषेतल्या भरावाचं काढते. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीच्या अहवालाने पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलंय हे मी तुम्हाला ऐकवते, तुम्ही मला कर्नाटकाचं ऐकवता. हा वाद मिटलेला नाही आणि मला तो मिटायलाही नको आहे. मला तुमचं म्हणणं पटत नाही, हे आभाराच्या पत्रातही लिहून ठेवते, कारण तुम्हाला खोटं गोड बोललेलं खपत नाही.

शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी मात्र आपण एकाच बाजूला होतो. एन. डी. पाटील सर त्या वयात, त्या पायांनी पुढे चालायचे, आणि कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णा. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. त्या आठवड्यात तुम्ही पप्पांना येऊन म्हणाला होता, "मास्तर, पक्ष कुठला का असंना, माणसानं बोलायचं थांबायचं न्हाई." त्याच वर्षाच्या शेवटी शहराचा टोल गेला. पप्पांनी तुमचं ते वाक्य पुष्कळदा सांगितलं.

मग मतदार यादी. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हता. गटार तुंबलं तरी प्रशासकाकडे अर्ज. निवडणूक लागली, ८१ जागा, पण या वेळी एकेक नाही तर बहुतेक चार-चारांचे प्रभाग, आणि प्रारूप याद्या आल्या. आमच्या लोकांची नावं यादीत कशी कशी उतरतात ते काय सांगू. एस्तेरचं इस्तर, सॅम्युएलचं श्यामवेल, रूथचं रुतू. नाव चुकलं म्हणून केंद्रावर अडवतील, या भीतीने काही म्हाताऱ्या घरातूनच निघत नाहीत. तुमच्या पक्षाला त्यातली किती मतं मिळणार होती हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी तुम्ही यादी घेऊन माझ्यासोबत घरोघर फिरलात. प्रभागाची यादी विधानसभेच्याच यादीवरून फोडलेली असते, त्यामुळे पालिकेच्या यादीत नवं नाव घालता येत नाही, चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं मात्र हरकत घेऊन परत आणता येतं, हे तुम्ही प्रत्येक दारात न कंटाळता सांगितलंत. स्पेलिंग कायमचं नीट करायचं तर नमुना ८, नव्याने अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६. फॉर्म तुम्ही भरून दिले नाहीत. ज्याचा त्याला भरायला लावलात आणि शेजारी बसून राहिलात. १५ जानेवारीला त्यांतल्या कितीतरी बायका मतदान करून हसत हसत बाहेर आल्या. कुणाला मत दिलं ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही नाही.

आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की आपण थोडे आहोत, आपण प्रार्थना करावी आणि राजकारणापासून लांब राहावं. त्यांची भीती मला कळते. इथे जन्मलेल्या माणसालाही कुणीतरी "तुम्ही मूळचे कुठले" म्हणून विचारतं, तेव्हा काळजात कळ येते. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले ते १८५२ साली. शाहू महाराजांनी जातीजातीच्या, धर्माधर्माच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली तेव्हा ख्रिस्ती मुलांनाही जागा दिली, माझे आजोबा तिथे राहून शिकले. आम्ही इथलेच. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या लोकांना कळवलं होतं की घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. परमुलखात नेलेल्यांना देवाने हे सांगितलं, मग आपल्याच गावात राहणाऱ्यांवर तर ते दुप्पट लागू आहे, असं मी मंडळीत बोलते. लोक ऐकून घेतात. पण तुम्ही आमच्या दारात यादी घेऊन उभे राहिलात त्या दिवसानंतर ते जास्त ऐकतात, हे मला मान्य केलं पाहिजे.

नाताळात आमची कॅरलची टोळी तुमच्या दारात आली तेव्हा काकूंनी सगळ्यांना करंज्या दिल्या आणि तुम्ही लहान पोरांना "अजून एक म्हणा" म्हणून थांबवून घेतलंत. आई खाली रिक्षात बसली होती. तिने तिथूनच तुमच्यासाठी प्रार्थना केली. तुम्हाला सांगायचं नाही असं तिने मला म्हटलं होतं, तरी सांगते.

आता एक विनंती. पाळकसाहेबांशी बोलले आहे. येत्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीच्या हॉलमध्ये काहीजण घराची कागदपत्रं घेऊन बसणार आहेत. कुणाचं कार्ड आजोबांच्या नावावर आहे, कुणाचं वारलेल्या नवऱ्याच्या. १९२५ च्या कायद्यातले हिस्से मी समजावून सांगेन, ते आता मला येतं. प्रतिज्ञापत्राचा मजकूर वाचायला मात्र तुम्ही हवेत. अकरा वाजता भाऊ गाडी घेऊन येईल. काकूंनाही आणा, आईने त्यांना जेवायलाच थांबवायचं ठरवलंय.

प्रभू तुम्हा दोघांना भरपूर आयुष्य आणि आरोग्य देवो.

तुमची,
मास्तरांची मधली
शाहूपुरी, कोल्हापूर