भाकरी गार होईपर्यंत थांबलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

चर्चच्या शब्बाथशाळेत तुम्ही आम्हाला शिकवलेत त्याला चाळीस वर्षे होत आली. पण हे पत्र त्या शिकवण्याबद्दल नाही. नगरच्या रुग्णालयात तुम्ही माझ्याशेजारी बसून काढलेल्या एका दुपारबद्दल आहे, आणि मंडळीतल्या सर्वांनी ते वाचावे म्हणून उघड लिहीत आहे.

यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, तेव्हा भेटायला पुष्कळ जण आले. कोणी म्हणाले, विश्वास कमी पडला. एकाने तर यांच्या उशाशी उभे राहून घरात लपलेले पाप शोधायला सांगितले. बायबलमधल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र निदान पहिले सात दिवस व सात रात्री मुकाट्याने त्याच्याजवळ बसले होते. आमच्या वाट्याला तेवढेही आले नाही, आणि मी दिवसभर देवाला व माणसांना दोष देत बसू लागले.

तुम्ही आलात, फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी सोडलीत आणि म्हणालात, "तू प्रार्थना कर, मग जेवू." मला शब्द सुचेना. तुम्ही माझ्याऐवजी प्रार्थना केली नाहीत, वचनही ऐकवले नाहीत. नुसते हात जोडून, डोळे मिटून बसून राहिलात. भाकरी गार झाली तरी तुम्ही डोळे उघडले नाहीत. शेवटी माझ्या तोंडून रडत रडत निघाले ते लहानपणी तुमच्याकडेच पाठ केलेले, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे", एवढेच. तुम्ही "आमेन" म्हणालात आणि भाकरी मोडलीत.

त्यातला 'आज' मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आला. मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळे तो त्या दिवसापुरता. सकाळपर्यंत राखून ठेवला त्यात किडे पडले. मी मात्र पुढच्या दहा वर्षांची काळजी साठवीत होते, आणि मिसरातले मासे, कांदे, लसूण आठवून रडणाऱ्या त्या लोकांसारखी आमचे जुने दिवस उगाळीत होते. जेवताना तुम्ही एवढेच बोललात की, त्या लोकांनी आपापल्या तंबूत बसून कुरकुर केली, पण स्तोत्रे रचणाऱ्या दाविदाने "किती काळ?" हा प्रश्न थेट परमेश्वरालाच विचारला, तेव्हा रडायचे तर त्याच्यासमोर रड.

कुरकुर न करता सर्व काही करा, असे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बंधनात होता. ते वचन मला ऐकवणारे बंधनात नव्हते, म्हणून मला त्यांचा राग येई. तरुण मुलाला मूठमाती दिलेल्या तुम्हाला ते उच्चारण्याचा अधिकार होता, आणि तुम्ही ते उच्चारले नाहीत. तुमच्यासारखी माणसे उपासनेला मागच्या बाकावर बसतात, कमिटीत त्यांचे नाव नसते. मंडळी उभी आहे ती त्यांच्यामुळे, असे मी आता मनापासून मानते.

यांची वाचा अजून पूर्ण परतलेली नाही. तरी जेवणाआधीची प्रार्थना आता हेच करतात. एकेक शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि पूर्वी घाई करणारी मुले ताटाला हात न लावता थांबतात. काल "आमेन" येईपर्यंत कालवण पार गार झाले होते.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी