आईच्या रिपोर्टमधलं ‘आर’ हे अक्षर : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री

विषय : रुग्णालयात लागलेल्या संसर्गाची चौकशी आणि आपल्या कार्यालयाकडून न आलेलं उत्तर

महोदय,

सादर नमस्कार.

माझ्या आईचा खुब्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया चांगली झाली, दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून दारापर्यंत चालली. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. सातव्या दिवशी व्हेंटिलेटर लागला आणि अकराव्या दिवशी आई गेली. कल्चरचा, म्हणजे रक्तातला जीवाणू वाढवून केलेल्या तपासणीचा, अंतिम रिपोर्ट त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर आला. वर जीवाणूचं नाव होतं, क्लेब्सिएला न्यूमोनिए; खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध चालतं, ‘आर’ म्हणजे जीवाणू त्याला दाद देत नाही, ‘आय’ म्हणजे मधलंच. आर, आर, आर. मेरोपेनेम या राखून ठेवलेल्या जोरदार अँटिबायोटिकसमोरही आर. मी बोटाने खाली खाली सरकवत गेले. अगदी शेवटी, दुसरं काही चालत नाही तेव्हा देतात त्या कोलिस्टिनसमोर ‘आय’ होतं. ‘एस’ कुठेच नव्हतं.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलंय ‘सेप्टिक शॉक’, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळणं. जीवाणूचं नाव नाही. तो तिला रुग्णालयातच लागला, हेही नाही.

याबद्दल मी आपल्या कार्यालयाला लिहिलं. पंधरा दिवसांत चौकशी करून कळवू, असं लेखी आश्वासन मिळालं. त्याला चार महिने झाले. दोनदा स्मरणपत्र पाठवलं, फोनवर दर वेळी ‘फाइल वर गेली आहे’ एवढंच ऐकलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

रुग्णालयात मला एक वाक्य ऐकवलं गेलं, ते अजून डोक्यातून जात नाही. ‘बाईंनी पूर्वी खूप अँटिबायोटिक घेतली असतील.’ म्हणजे दोष आईचा. साहेब, माझ्या आईनं ताप अंगावर काढण्यात आयुष्य घालवलं. त्या वाक्यानंतर मी रात्र रात्र वाचत बसले, आणि जे समजलं ते आपल्याला सांगणार आहे. औषधाला दाद न देण्याचा गुण जीवाणूच्या जनुकात असतो. ही जनुकं बहुतेकदा प्लाझ्मिडवर बसलेली असतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं, मुख्य गुणसूत्राहून वेगळं. एक जीवाणू दुसऱ्याला चिकटतो आणि त्या कड्याची प्रत त्याला देऊन टाकतो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी अडत नाही. एकाच कड्यावर पाच-सहा औषधं निकामी करणारी जनुकं शेजारी शेजारी असू शकतात, त्यामुळे त्यातलं कुठलंही एक औषध वापरलं तरी सगळा संच टिकून राहतो. असा जीवाणू नळीतून, हातांवरून, बेसिनमधून तयार होऊनच रुग्णापर्यंत येतो. आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही तो मारू शकतो.

आईच्या जीवाणूत कोणतं जनुक होतं, हे मी विचारलं. ‘त्याने उपचारात काही फरक पडत नाही,’ असं उत्तर मिळालं. फरक पडतो! केपीसी किंवा ऑक्सा-48 हे जनुक असेल तर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम हे जोड-औषध बऱ्याचदा चालतं. एनडीएम हे जनुक असेल तर ते औषध एकटं चालत नाही, सोबत अझ्ट्रिओनाम हे दुसरं अँटिबायोटिक द्यावं लागतं. ही तपासणी काही तासांत होते. आईच्या हातात चार दिवस होते.

एनडीएम म्हणजे ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते सापडलं, 2009 मध्ये त्याची माहिती छापून आली. मग काय झालं? नावावरून भांडण! बदनामी झाली म्हणून मोठमोठे लोक संतापले. तोवर ते जनुक कितीतरी देशांच्या वॉर्डांत पोचलं होतं.

2011 मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या स्वतःच्या रुग्णालयात असाच क्लेब्सिएला शिरला. 18 जणांना लागण झाली. 11 दगावले, त्यातले सहा या संसर्गाने. पहिली रुग्ण घरी जाऊन तीन आठवडे झाल्यावर दुसरा सापडला, त्यामुळे दोघांचा संबंध नसावा असं वाटलं असतं. त्यांनी प्रत्येक जीवाणूचा संपूर्ण जनुकीय क्रम वाचला, अक्षराला अक्षर लावून पाहिलं आणि सगळे धागे त्या पहिल्या रुग्णापर्यंत पोचले. बेसिनच्या नळीत तो होता. स्वच्छ करून ठेवलेल्या व्हेंटिलेटरवरही होता. हे सगळं त्यांनी स्वतः छापलं.

आईच्या खाटेशेजारीही बेसिन होतं. त्यात पाणी तुंबायचं, आणि वर शेल्फवर सक्शनच्या नळ्या ठेवलेल्या असायच्या. एक सिस्टर सहा खाटा सांभाळत होती. तिच्यावर माझा राग नाही, तिला पाणी प्यायला वेळ मिळताना मी पाहिला नाही. सहा खाटांना एक सिस्टर हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्यावर आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी जाहीरनामा मंजूर केला. प्रतिजैविक-प्रतिरोधाशी, म्हणजे जीवाणूंनी अँटिबायोटिकला दाद न देण्याशी, निगडित मृत्यू 2030 पर्यंत 10 टक्क्यांनी कमी करू, असं त्यात आहे. 2019 मध्ये असे मृत्यू 49 लाख 50 हजार होते. साहेब, माझी आई दाखल्यावर ‘सेप्टिक शॉक’ आहे. मग ती त्या 10 टक्क्यांच्या हिशेबात कुठे धरणार? जे रुग्णालय संसर्ग मोजतं आणि कबूल करतं त्याचं नाव खराब होतं, आणि जे मोजतच नाही ते स्वच्छ ठरतं. ही व्यवस्था तुम्हीच चालवता. औषधांचंही तेच. प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला 2018 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि ते बनवणारी कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण जपून वापरायच्या औषधात नफा नाही. जिथे नफा नाही तिथे सरकार उभं राहणार नसेल, तर आम्ही मत कशासाठी देतो?

आईच्या रक्तातून वाढवलेला तो जीवाणू प्रयोगशाळेने उणे 80 अंशांवर जपून ठेवलाय, असं मला तोंडी सांगितलं गेलंय. किती दिवस ठेवतील हे सांगायला कुणी तयार नाही. त्याच महिन्यात त्याच आयसीयूत आणखी दोघांना क्लेब्सिएला निघाला होता, त्यांचे नातेवाईक माझ्याशेजारी बाकावर बसायचे. ते तिन्ही नमुने फेकू नका, त्यांचा जनुकीय क्रम काढून एकमेकांशी ताडून पाहा आणि जे निघेल ते तिन्ही घरांना लेखी कळवा, असा आदेश काढा. त्याला एका पानाहून जास्त कागद लागणार नाही.

आपली,
अकरा दिवस रुग्णालयात बसलेली एक मुलगी