दुरुस्तीचे पान हँगरपर्यंत पोहोचते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर या जातीची हेलिकॉप्टरे तपासणीसाठी जमिनीवर उभी करण्यात आली, तेव्हा चर्चा झाली ती यंत्राची. अशा तपासणीतून जे निष्पन्न होते ते वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्या हाती अखेर मॅन्युअलच्या बदललेल्या पानांमधूनच पडते. त्या पानांबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते.

मी सेनादलात ‘चेतक’ आणि ‘चीता’ यांच्या देखभालीत नोकरी केली आणि आता विश्रांतवाडीत राहतो. ही दोन्ही हेलिकॉप्टरे मूळ फ्रेंच आराखड्याची, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधलेली आणि अनेक दशके सेवेत राहिलेली. साहजिकच त्यांच्या मॅन्युअलमध्ये दुरुस्तीवर दुरुस्ती चढत गेली. पाकिटातून नवी पाने येत. बदललेल्या मजकुराशेजारी समासात काळी उभी रेघ असे. बदल किरकोळ असेल तर जुन्या ओळीवर काट मारून छापील चिठ्ठी डकवायची आणि नोंदतक्त्यात तारखेसह सही करायची. हे कंटाळवाणे काम बहुधा नव्या पोराच्या गळ्यात पडे. एकदा एका बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो आवळण्याच्या जोराचा आकडा, दोन प्रतींत वेगवेगळा निघाला. हँगरमधल्या प्रतीच्या नोंदतक्त्यात सही होती, पण चिठ्ठी मात्र मागच्या कव्हराच्या खिशात घडी घातलेली सापडली. त्या दिवशीचे काम आम्ही पुन्हा पहिल्यापासून केले.

ही चूक माणसाची होती, ती सुधारता येते. मला अधिक खटकते ते उलट दिशेचे मौन. एका कामाच्या क्रमात झाकण बसवण्याची पायरी आधी आणि झाकणाआडच्या नटाला लॉकवायर (नट सैल होऊ नये म्हणून लावायची तार) बांधण्याची पायरी नंतर छापलेली होती. अर्थातच सगळे जण आधी वायर बांधत, म्हणजे काम नीट करायचे तर रोज मॅन्युअल मोडावे लागे. मी रीतसर फॉर्म भरून वर पाठवला. पुढच्या दुरुस्तीत ते पान आले, तारीख नवी होती, क्रम तोच.

निर्मात्याची आणि उड्डाणयोग्यता पाहणाऱ्या यंत्रणेची संमती मिळाल्याशिवाय एकही आकडा बदलू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. कोणीही उठून पेन चालवू लागला तर अनर्थ होईल. परंतु सूचना मिळाली, तिचा विचार झाला आणि ती अमुक कारणाने स्वीकारली किंवा नाकारली, एवढे कळवायला किती कागद लागतो? उत्तर येत नाही म्हटल्यावर पुढचा तंत्रज्ञ फॉर्म भरण्याच्या भानगडीत पडत नाही आणि योग्य क्रम फक्त जुन्या मंडळींच्या तोंडी राहतो. त्यांची बदली झाली की तोही जातो.

पानांच्या जागी पडद्यावरची प्रत आल्याने हे आपोआप सुटेल, असे मला वाटत नाही. उतरवून ठेवलेली फाइल जुनी आहे की नवी, हे चिठ्ठी डकवलेल्या पानासारखे बोटाला लागत नाही. (तो गोंद हाताचा दोन दिवस निघत नसे, हेही खरे.) म्हणून प्रत्येक दुरुस्तीसोबत बदलाचे कारण एका ओळीत द्यावे आणि सूचना पाठवणाऱ्याला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, ते नकाराचे असले तरी चालेल, एवढीच संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, विश्रांतवाडी, पुणे