‘ॲना ओ.’चे खरे नाव

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मानसोपचारांच्या इतिहासातल्या ‘ॲना ओ.’ या रुग्णेवर वर्गात बोलायचे आहे, असे तू परवा फोनवर म्हणालीस, तेव्हापासून ही बाई माझ्या मनातून जात नाही. तुझ्या टिपणात तिची गोष्ट १८८२ साली, उपचारांबरोबरच संपते. त्यानंतर ती चौपन्न वर्षे जगली.

तिचे खरे नाव बेर्था पापेनहाइम. ती १८५९ साली व्हिएन्नातल्या सनातनी ज्यू घरात जन्मली. सोळाव्या वर्षी तिची शाळा सुटली, धाकटा भाऊ मात्र शिकत राहिला. आजारी वडिलांच्या उशाशी रात्री जागवता जागवता ती स्वतःच अंथरुणाला खिळली, उजवा हात लुळा पडला आणि मातृभाषा जर्मन बोलता येईनाशी होऊन ती इंग्रजीत बोलू लागली. ऐन उन्हाळ्यात घोटभर पाणी घशाखाली उतरेना, म्हणून ती फळांवर तहान भागवी. एकदा संमोहनावस्थेत तिने सांगितले, की सोबतीच्या बाईचे कुत्रे पेल्यातून पाणी पिताना आपण पाहिले आणि केवळ रीत म्हणून गप्प राहिलो. दाबून ठेवलेला संताप बोलून झाल्यावर तिने पाणी मागितले, आणि पेला ओठांशी असतानाच ती भानावर आली. ही हकीकत तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. ब्रॉयर यांनी लिहिली खरी, पण मनातले बोलून बरे होण्याच्या या उपचाराला ‘टॉकिंग क्युअर’ हे नाव तिनेच दिले आहे, एवढे तू ठासून सांगच.

ती लगेच बरी झाली नाही. पुढची काही वर्षे आरोग्यधामांच्या वाऱ्यांत गेली. मग फ्रँकफर्टला येऊन तिने ज्यू मुलींचा अनाथाश्रम बारा वर्षे चालवला, मेरी वुलस्टनक्राफ्ट यांचे स्त्रियांच्या हक्कांवरील पुस्तक १८९९ मध्ये जर्मनमध्ये आणले, १९०४ मध्ये ज्यू महिला संघ स्थापन केला आणि १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्गला कुमारी माता व त्यांच्या बाळांसाठी घर उघडले. मुलींना फसवून विकणाऱ्या दलालांचा माग काढत ती पूर्व युरोपातला गॅलिशिया आणि बाल्कन प्रदेशात हिंडली. या व्यापारात ज्यू माणसेही आहेत, हे तिने आपल्याच समाजाला सुनावले, याचे मला फार मोल वाटते.

१९३६ च्या एप्रिलमध्ये, मरणाच्या दारात असताना, तिला गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, चौकशीला जावे लागले. २८ मे रोजी ती गेली. दोन वर्षांनी नॉय-इझेनबुर्गच्या त्या घराला आग लावण्यात आली.

‘ॲना ओ.’ म्हणजे तीच, हे १९५३ मध्ये छापून आले. मुक्ता, तुझ्या पहिल्याच पानावर तिचे पूर्ण नाव लिही, आणि रविवारी मला सगळे वाचून दाखव.

तुझी,
आई