जुना एसएमपीएस ठेवायचा, तर आधी त्याचे लेबल वाचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या घरगुती संगणकांत नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बसवून घेण्याकडे अनेकांचा कल आहे. पैसे वाचावेत म्हणून कॅबिनेट आणि त्यातला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मात्र जुनाच ठेवला जातो. कॅबिनेट जुने ठेवण्यात काहीच वावगे नाही. एसएमपीएसचे तसे नाही, आणि त्याबद्दल दुकानात कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या घरातील २०१४ सालच्या संगणकाचे नूतनीकरण गेल्या वर्षी करून घेतले. प्रोसेसर इंटेलचा १२४००, सोबत ११५ वॅटचे ग्राफिक कार्ड. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असे छापलेले असल्याने आणि ‘चालू आहे ना, मग कशाला बदलता?’ असे दुकानदारांनी म्हटल्याने मीही मान डोलावली. कार्डाला लागणारी आठ पिनांची तार जुन्या डब्यात नव्हतीच. तिथल्या मुलाने जुन्या हार्ड डिस्कसाठी असलेल्या चार पिनांच्या, म्हणजे मोलेक्स, तारेला जोड लावून ती भागवली. तीन आठवड्यांत संगणक खेळाच्या ऐन मध्यावर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. दुकानात दोनदा विंडोज नव्याने टाकून झाले, एकदा रॅम बदलून झाली. वीज खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला त्या डब्याचे लेबल वाचण्याची बुद्धी त्यानंतर झाली, हे कबूल करायला हवे.

त्या लेबलवर ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २५ अँपिअर आणि १२ व्होल्टला अवघे १४ अँपिअर असे आकडे होते. गुणाकार केल्यास अनुक्रमे ६६, १२५ आणि १६८ वॅट होतात. तिघांची बेरीज ३५९ भरते आणि उरलेल्या किरकोळ ओळी धरूनही ४५० चा मेळ बसत नाही. पण खरी अडचण त्या १६८ मध्ये आहे. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात आणि मदरबोर्डवर व कार्डावर ती साधारण एक व्होल्टपर्यंत उतरवली जाते. आमचा प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ११७ वॅटपर्यंत जातो. त्यात कार्डाचे ११५ मिळवले, की पंखे आणि डिस्क धरण्याआधीच २३२ झाले. म्हणजे १६८ वॅटच्या नळावर आम्ही २३२ वॅटची तहान लावली होती. मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टिमीटर लावला, तेव्हा संगणक स्वस्थ असताना ११.९ आणि खेळ सुरू होताच ११.२ व्होल्ट दिसले. एटीएक्स या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकाप्रमाणे त्या काळच्या डब्याची ही १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली जाता कामा नये.

पूर्वी असे नव्हते. पेंटियम ३ च्या काळात प्रोसेसरची वीज मुख्यतः ५ व्होल्टवरून येई. २००० साली आलेल्या पेंटियम ४ पासून १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी रूढ झाली आणि भार तिकडे सरकला. स्वस्त डब्यांच्या कित्येक उत्पादकांनी मात्र आतली रचना जुन्या वळणाचीच ठेवून बाहेरचा वॅटचा आकडा तेवढा वाढवत नेला.

दुसरा प्रश्न वयाचा. या डब्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा एकसारखा ठेवणारे भाग, हळूहळू सुकतात आणि तापमान दहा अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. विदर्भातला मे महिना आणि जाळीवर बसलेली धूळ यांचा हिशेब त्यात धरावा. कपॅसिटर थकला, की १२ व्होल्टवर चढ-उतारांची बारीक लहर वाढते, जी साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. नव्या मदरबोर्डला ती रोज सोसावी लागते.

याचा अर्थ प्रत्येक जुना एसएमपीएस काढून टाकावा असा नाही. फक्त एसएसडी आणि रॅम बदलायची असेल, तर तो बदलण्याचे कारण नाही. नाव असलेल्या उत्पादकाचा, वॉरंटीच्या मुदतीतला आणि १२ व्होल्टला पुरेसे अँपिअर देणारा डबा ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकात आणखी काही वर्षे खुशाल वापरावा. मात्र सुट्या निघणाऱ्या तारा असलेला डबा बदलताना जुन्या तारा नव्या डब्याला कधीही लावू नयेत. डब्याकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते आणि टोक बसले म्हणून जोडणी बरोबर असतेच असे नाही. डिस्क जळण्याला एवढी चूक पुरते. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर त्याचा दोष बहुधा एसएमपीएसचा नसून भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसण्याचा असतो. ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

आमच्याकडे शेवटी ५५० वॅटचा, १२ व्होल्टला ४५ अँपिअर देणारा एसएमपीएस सुमारे चार हजार रुपयांत बसवला आणि संगणक बंद पडणे त्या दिवसापासून थांबले. संगणक विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच, की नूतनीकरणाचे कोटेशन देताना प्रोसेसर आणि रॅमच्या ओळींखाली एसएमपीएसचीही एक ओळ लिहावी: उत्पादक कोण, वय किती, १२ व्होल्टला अँपिअर किती. जुनाच ठेवणार असाल तरी ती लिहावी. बाद झालेला डबा घरी उघडून पाहू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार काही काळ राहू शकतो. तो भंगारवाल्याला न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जाईल अशा संकलन केंद्रावर द्यावा. असे केंद्र आपल्या भागात कुठे आहे, हे दुकानदारांनी त्याच कोटेशनच्या मागे छापले, तर ग्राहकाची शोधाशोध वाचेल.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता, अमरावती