सोपानदेव, तुम्ही लिहून घेतलंत म्हणून

आदरणीय सोपानदेव चौधरी यांस,
सप्रेम नमस्कार.

बहिणाबाईंचे आभार आम्ही पुष्कळदा मानले, तुमचे मानायचे राहूनच गेले. तुम्ही स्वतः कवी, ‘काव्यकेतकी’ तुमची. तरी आज तुमची ओळख बहिणाबाईंचा मुलगा अशीच करून दिली जाते. आणि मीही हे पत्र त्याच नात्याने लिहितोय, रागावू नका.

१८८० साली आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात सासर, पुढे लहान वयात आलेलं वैधव्य. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. अशी बाई जात्यावर, शेतात काम करता करता गाणी रचते आणि काम उरकलं की उठून जाते. गावोगावच्या बायका हेच करत होत्या. त्यातल्या कितीजणींचं गाणं दळणाबरोबरच संपलं, त्याची मोजदाद कोण करणार? तुमच्या घरात मात्र कुणीतरी ते कागदावर उतरवून घेत होतं. शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट तुम्ही आईला सांगितलीत आणि तिने त्यावर गाणंच रचलं, अशी हकिगत सांगतात. अभ्यास मुलाचा आणि कविता आईची!

माझे खरे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहेत. कवितेची नागर, छापील भाषा तुम्हाला चांगली अवगत होती. तरी आईच्या ओळींना तुम्ही ती इस्त्री फिरवली नाहीत. खानदेशातली तिची बोली पुस्तकात तशीच आली, म्हणून तिचा आवाजही आला.

‘अरे संसार संसार’चा तवा आणि हाताचे चटके सगळ्यांना पाठ असतात. लग्नात तर नव्या जोडप्याला घाबरवायला त्या दोन ओळी हमखास येतात. पण गाणं तिथे थांबत नाही. ‘राऊळाच्या कळसाले लोटा कधी म्हनू नही’ असं ती पुढे बजावते. चटके सोसलेली बाईच संसाराला खोटा म्हणू नका म्हणते, हे सुटी ओळ उचलणाऱ्यांच्या गावीही नसतं. आणि दुसऱ्या एका गाण्यातलं ते कुंकवाचं कडवं: कुंकवाखाली लपलेली कर्माची रेखा, कुंकू पुसल्यावर उघडी पडलेली. वैधव्यावर इतक्या थोडक्यात आणि इतकं कोरडेपणाने लिहिलेलं मी मराठीत दुसरं वाचलेलं नाही. त्याच गाण्यात ती ज्योतिषाला दारातून परत पाठवते. हात दाखवायलाही तयार नाही!

३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. त्यानंतर तुम्ही ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवलीत, त्यांनी ‘बावनकशी सोनं’ म्हणून डोक्यावर घेतली आणि १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं. आपल्या आईची कविता अत्र्यांसारख्या फटकळ माणसापुढे ठेवायची म्हणजे छाती हवी. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. जी बाई अक्षर गिरवू शकली नाही तिचं नाव पदवीच्या कागदावर येतं, याची गंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

एक राहिलंच. गाणी उतरवून घेणाऱ्यांत तुमच्याबरोबर तुमचे मावसभाऊ पितांबर चौधरीही होते. त्यांचं नाव तर कुणीच घेत नाही. यातले अर्धे आभार त्यांचे समजा.

आपला,
एक वाचक