नाना, तुम्ही मला मत दिलं नव्हतं

तीर्थस्वरूप नाना यांस,
सा. न. वि. वि.

शाल-श्रीफळ घेणार नाही म्हणालात. सत्कार ठेवलात तर मी पारोळ्याहून निघणारच नाही, असा निरोपही धाडलात. घरी येऊन पाया पडले असते तर 'बस, चहा ले' म्हणत तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या सगळ्या ग्रंथपालांनी ते वाचावं, बायकांनी तर नक्कीच. तुम्हाला राग येईल. येऊ द्या.

२०१६ सालापासून सुरुवात करते. जळगावला एका शाळेच्या हॉलमध्ये आपल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेची निवडणुकीची सभा होती. मी सहसचिव पदाला उभी होते. म्हणजे कुणीतरी म्हणालं, 'एक महिला पाहिजे, ताई तुम्ही उभ्या राहा,' आणि मी राहिले. तोवर संघटनेत माझं काम काय होतं? सरस्वतीच्या फोटोला हार, पाहुण्यांना गुलाब, सूत्रसंचालन. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला रांगोळी. रांगोळी मी चांगली काढते, तो भाग वेगळा.

पडले. ४१ विरुद्ध २९. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हरल्यामुळे नव्हतं. सभा सात वाजता संपली होती आणि अमळनेरला उतरल्यावर गावाकडे जाणारी शेवटची एसटी मिळणार नव्हती. तुम्ही पिशवी सांभाळत माझ्यामागून स्टेशनपर्यंत चालत आलात. मला वाटलं, धीर द्यायला येताय. प्लॅटफॉर्मवर उभं राहून तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोरी, मी तुले मत दिधं नही."

सभेत तुम्ही पुस्तकी मराठी बोलता आणि मनातलं सांगायचं असलं की अहिराणीवर येता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त तोंडात मारल्यासारखं झालं. कारण विचारलं तर म्हणालात, सभेत वाटलेला ताळेबंद घडी करून तसाच पर्समध्ये ठेवलास, उघडूनसुद्धा पाहिला नाहीस. ज्याला हिशोब वाचायचा नाही त्याला पद कशाला? आणि वर, "आयतवारे ये घर. माई कळण्यानी भाकर करस मस्त."

मी तीन आठवडे आले नाही. रागात होते. गोड बोलून ज्यांनी मतं दिली नाहीत ते सगळे मला चालत होते, खरं सांगणारे तुम्हीच तेवढे खुपत होता. मग एक दिवस आले. माईंनी कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत वाढलं. भरीत हिरव्या लांब वांग्यांचं, काड्यांवर भाजलेलं. जेवण होईपर्यंत तुम्ही संघटनेचा स काढला नाहीत. माईंनीच विचारलं, "तुन्हा नवरा काय म्हनस?" मी म्हटलं, काही म्हणत नाही, फक्त गाडी चुकली की फोन करतो. माई हसल्या. "मंग गाडीनंच पहा पह्यले." त्या वाक्यात सगळं होतं, पण कळायला मला काही वर्षं लागली.

जेवणानंतर ओट्यावर बसून तुम्ही लाल फडक्यातलं दप्तर सोडलंत. वर होती आपल्या संघटनेची घटना, टंकलेखनाची कार्बन प्रत, कडा तुकडे होऊन गळणाऱ्या. मी सात वर्षं सभासद होते आणि घटना पहिल्यांदा पाहत होते. तुम्ही सुपारी कातरत होता आणि मला मोठ्यानं वाचायला लावत होता. वर्गणी कधीपर्यंत भरलेली हवी. सभेची नोटीस किती दिवस आधी. गणपूर्ती किती. आणि मग ते कलम: सभेचं ठिकाण, दिवस व वेळ सचिव ठरवतील.

तिथे अडकित्ता थांबला. "कोन ठरावस?" तुम्ही विचारलंत.

सभा रविवारी दुपारी चारलाच का असते, हे इतकी वर्षं मी पावसासारखं धरून चालले होते. असते, म्हणून असते. अमळनेर, चोपडा, यावलकडच्या बायका अर्ध्यातून उठून जातात, निवडणूक शेवटच्या विषयात येते, तेव्हा हॉलमध्ये जळगावचे आणि मोटारसायकलवाले उरतात. कुणी कट केला नव्हता. वेळ ठरवणाऱ्याला शेवटची एसटी पकडायची नव्हती, एवढंच.

मी म्हटलं, मग पुढच्या वेळी अध्यक्षपदालाच उभी राहते. तुम्ही हसलात. अध्यक्षाला हार मिळतो, म्हणालात. वही सचिवाकडे असते. मग रंगनाथनांची गोष्ट सांगितलीत. मी परीक्षेसाठी त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पाठ केली होती, १९३१ सालची. त्याआधी १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ निघाला आणि त्याचे सचिव हेच गृहस्थ होते, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. नोटिसा काढणं, सभा बोलावणं, वर्गणी गोळा करणं हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं, आणि त्या खटपटीतून पुढे १९४८ चा मद्रासचा ग्रंथालय कायदा आला. भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्ष ते झाले १९४४ मध्ये, म्हणजे सचिव झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. गणिताचा मास्तर माणूस, तुम्ही म्हणालात, त्याला पायरी सोडून उडी मारायची सवय नव्हती.

आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. शाळेतलं ग्रंथालय त्यात बसत नाही. आपण खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीत, तेही शिक्षकेतरांमध्ये. सार्वजनिक ग्रंथालयवाले आपल्याला शाळेचे समजतात आणि शाळेत आपण ऑफिसचे. शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, कुणी रजेवर असला की त्याचा तास. हे सगळं उरकून मग कपाटाचं कुलूप. ज्याचं दार दोन्हीकडून बंद, त्याला स्वतःची संघटना नीट चालवण्यावाचून गत नाही, हे तुमचंच म्हणणं.

२०१९ ला तुमच्या सांगण्यावरून मी खजिनदारपद मागितलं. ते कुणालाच नको होतं, त्यामुळे बिनविरोध. आणि आठवड्याभरात कळलं की का नको होतं.

बँकेत सह्या बदलायला गेले तर त्यांनी धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा मागितला, म्हणजे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं असलेला सरकारी कागद. उतारा काढला. त्यावर अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांच्या दशक्रियेला तुम्ही स्वतः जाऊन आला होता. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो २०१३ पासून कुणी दिलाच नव्हता. कागदोपत्री आपली संघटना एक कैलासवासी माणूस चालवत होता. कुणाचं नाव घेत नाही, सगळ्यांचंच थोडंथोडं चुकलं होतं. माझंही, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, रड नको, पुस्तकांची दाखल नोंदवही कशी लिहितेस तसं लिही. नाना, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे काम मला येतं. कारण ते खरंच येत होतं. दाखल क्रमांक एकदा दिला की तो दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. पान फाडायचं नाही. पांढरी शाई लावायची नाही. चूक झाली तर लाल शाईनं एक आडवी रेघ, खालचं अक्षर दिसेल अशी, आणि बाजूला सही. पुस्तक हरवलं तरी ओळ राहते, शेऱ्यात कारण जातं. मी इतिवृत्ताच्या वह्या तशाच उघडल्या. प्रत्येक सभेला क्रमांक दिला, नोटीस आहे का, हजेरीच्या सह्या आहेत का, ठरावाला सूचक-अनुमोदक आहेत का, नसेल तर शेऱ्यात 'नाही'. इतर माणसं ज्याला कटकट म्हणत होती ती माझी रोजची नोकरी होती.

२०१३ चा बदल अर्ज, मग २०१६ चा, मग आमचा. प्रत्येकाला विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, जुन्या लोकांची संमतीपत्रं. मध्ये करोनाची दोन वर्षं सगळं बंद. एक जुने सदस्य मुलाकडे सुरतेला गेलेले, त्यांची सही आणायला तुम्ही गेलात आणि येताना माझ्यासाठी घारी घेऊन आलात. जळगावच्या फेऱ्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. शेवटच्या फेऱ्यांना तुम्ही पंच्याहत्तरी ओलांडलेली, म्हणून एसटी फुकट. मला २०२३ पासून अर्धं तिकीट. "अर्धा पगार, अर्धं तिकीट, हिशोब जमला," असं तुम्ही कंडक्टरला सांगितलंत आणि तो बिचारा गोंधळला. मी २००९ पासून अर्धवेळ आहे, हे त्याला कुठून माहीत असणार.

अर्धवेळ. त्या शब्दावर यायचंच होतं. गेल्या वर्षी, २०२५ च्या सभेत मी सचिवपदाचा अर्ज भरला तेव्हा मागच्या खुर्च्यांतून आवाज आला, "अर्धवेळ बाई पूर्णवेळ सचिव कशी होणार?" लोक हसले. मीही हसले, सवयीनं. शाळेचा पट हजारापुढे गेला तर पूर्णवेळ ग्रंथपाल, आणि आमच्या गावाचा पट वाढण्याऐवजी पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातायत. त्यात माझा काय गुन्हा, हे मला बोलायचं होतं, पण घसा धरला.

तुम्ही उठलात. भाषण नाही, काही नाही. खिशातून चष्मा काढला, फडकं सोडलं, घटनेचं पान शोधायला पुरता वेळ घेतलात, आणि प्रमाण मराठीत खणखणीत वाचलंत: सभासद म्हणजे शाळेत ग्रंथपाल म्हणून काम करणारी व्यक्ती. मग चष्म्यावरून हॉलकडे पाहिलंत. "अर्धी व्यक्ती असं इथे कुठे लिहिलेलं नाही. सूचक म्हणून माझं नाव लिहा."

सहा वर्षं खजिनदारी केलेल्या बाईच्या बाजूने तुम्ही एवढी तीन वाक्यं बोललात. तिचे कष्ट, तिचं त्यागमय जीवन, महिला सबलीकरण यातलं काही तुमच्या तोंडून निघालं नाही, याबद्दल तुमचे खास आभार. ते ऐकत मला खुर्चीत बसवलं नसतं. मतमोजणीत किती मिळाली ते तुम्हाला माहीत आहे. त्यात एक तुमचं होतं, हेही या वेळी तुम्ही आपणहून सांगितलंत.

सचिव झाल्यावर मी पहिली नोटीस काढली ती सभा सकाळी अकराची, आणि पाचोऱ्याला. दुसरी चोपड्याला. जळगावच्या दोघांनी तक्रार केली की लांब पडतं. मी त्यांना एसटीचं वेळापत्रक पाठवलं. पूर्वी हजेरीपटावर बायकांच्या सह्या सहा-सात असायच्या, चोपड्याला तेवीस होत्या. एक तर लेकरू कडेवर घेऊन आली होती. ते इतिवृत्ताच्या वहीवर लाडूचा हात ठेवून गेलं. तो डाग मी तसाच ठेवलाय, शेऱ्यात काही लिहिलेलं नाही.

सगळं छान चाललंय असं नाही. अतिरिक्त ठरलेल्या ग्रंथपालांना दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याचं, म्हणजे समायोजनाचं निवेदन दोनदा दिलं, पोच मिळाली, उत्तर नाही. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या, म्हणजे जुनी पेन्शन नसलेल्यांच्या, पेन्शनचा ठराव करून ठेवलाय, तो पुढच्या फाइलीत. आणि तुमच्यासारखंच मीही एकाला तोंडावर खरं सांगितलं तर तो महिनाभर फोन उचलत नाहीये. तुम्हाला हे कसं जमतं? भाकरी आधी खायला घालायची असते बहुतेक. मी ते विसरले.

माईंनाही नमस्कार सांगा. गाडीचं आधी पाहा म्हणाल्या होत्या, तेच पाहिलं.

आता एक काम. १९९८ ते २००१ च्या इतिवृत्ताची वही कुठेच सापडत नाहीये. जुन्या सचिवांच्या घरी पाहिली, शाळेच्या अडगळीत पाहिली. मला दाट शंका आहे की ती तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, धाकट्याच्या जुन्या पुस्तकांखाली आहे. येत्या आयतवारी मी येते. तोवर पेटी उतरवायला जाऊ नका, गुडघ्याचं माहीत आहे मला. माईंना म्हणावं, स्टूल लपवून ठेवा.

तुमची,
अमळनेर तालुक्यातली एक अर्धवेळ ग्रंथपाल